विशेष संदर्भ : हवेली तालुका

आमच्या संस्थेत मूल्यांकनाला नॅकची समिती येणार म्हटलं की कुंड्या भाड्याने येतात, वाचनालयातल्या पुस्तकांना ऊन दाखवलं जातं आणि डायरेक्टरसाहेब पीएच.डी. नसलेल्या प्राध्यापकांची यादी काढतात. समिती गेली की कुंड्या परत जातात, पुस्तकांवर पुन्हा धूळ बसते. यादी मात्र नोटीस बोर्डावरच राहते. २०१७ साली त्या यादीत पहिलं नाव माझं होतं. यादी वर्णानुक्रमाने लावली आहे, असं साहेबांचं म्हणणं. माझं आडनाव 'व'वरून सुरू होतं.

"मॅडम, एवढी वर्षं मॅनेजमेंट शिकवताय," ते म्हणाले, "मग हे एक मॅनेज करून टाका की."

मी विद्वत्तेचा आधार घ्यायचं ठरवलं. म्हटलं, "सर, पीटर ड्रकरना सगळं जग मॅनेजमेंटचे पितामह म्हणतं. पण त्यांनीसुद्धा १९३१ साली फ्रँकफर्टला डॉक्टरेट घेतली ती कायद्यात. मॅनेजमेंटमध्ये नाही."

साहेबांनी चष्मा पुसला. "ड्रकर आपल्या पगारपत्रकावर आहेत का?"

नव्हते. मी होते. विषय मिटला.

घरी बातमी सांगितली तेव्हा नवऱ्याने "छान" म्हणून टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. सासूबाईंनी मात्र लगेच फोनाफोनी केली. आतल्या खोलीतून मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो ना, कॉलेजात शिकवते. नाही, अजून शिकतेय म्हणे. काय माहीत बाई, शिकवायला येत नसेल म्हणून असेल."

पहिला अडथळा प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे 'पेट'चा. निम्मे गुण संशोधन पद्धतीला, निम्मे विषयाला आणि पास व्हायला ५० टक्के. म्हणजे विषयातलं ओ की ठो कळत नसलं तरी नुसत्या संशोधन पद्धतीवर माणूस पास होऊ शकतो, हे माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. पुढे अनेक प्रबंध वाचल्यावर तशी खात्रीही पटली. परीक्षेला माझ्या शेजारच्या संगणकावर माझाच एक माजी विद्यार्थी बसला होता. त्याला मी एकदा स्टॅटिस्टिक्समध्ये नापास केलं होतं. त्याने वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, काही अडलं तर सांगा." दोन प्रश्न अडले होते. सांगितलं नाही.

पास झाले आणि कागदपत्रांच्या खिडकीसमोर उभी राहिले. लग्नाआधीची मी बी.कॉम. आहे आणि लग्नानंतरची मी एम.बी.ए. आहे. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या.

"या कोण?"

"मीच."

"आणि या?"

"त्याही मीच."

"मग पीएच.डी. दोघींपैकी कोण करणार?"

विवाहनोंदणीचा दाखला दाखवला, तर त्यात माझ्या वडिलांच्या नावात एक वेलांटी ऱ्हस्व होती. मग शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर, मी आणि मी एकच आहोत असं प्रतिज्ञेवर लिहून दिलं. नोटरीने शिक्का मारेपर्यंत मान वर केली नाही. आम्ही दोघी गेलो असतो तरी त्याला चाललं असतं. ते प्रतिज्ञापत्र घेऊन खिडकीवर गेले तर बाई म्हणाल्या, "आधी इनवर्ड करून आणा." इनवर्डची खिडकी दुसऱ्या इमारतीत होती आणि तिथले गृहस्थ जेवायला गेले होते. फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन पोलाद कारखान्यात उभा राहिला आणि लोखंड उचलणाऱ्या मजुराचं काम दिवसाला साडेबारा टनांवरून ४७ टनांवर नेलं, हे मी दरवर्षी जूनमध्ये मोठ्या उत्साहाने शिकवते. त्याला त्या इनवर्डच्या खिडकीसमोर एक दिवस उभा करायला हवा होता. त्याने घड्याळ विकून टाकलं असतं.

यापुढचा टप्पा गाईडचा. यूजीसीच्या नियमानुसार प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसरकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४ विद्यार्थी असू शकतात. माझ्या विषयात जे कोणी होते त्यांच्याकडे हे आकडे भरलेले होते. शेवटी एका प्रोफेसरसाहेबांनी सांगितलं, "आठवा विद्यार्थी सबमिशनला आलाय. त्याने थिसिस दिला की तुमची जागा."

हा आठवा विद्यार्थी सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात लेबर ऑफिसर होता. मी त्याला फोन केला.

"मॅडम, सध्या गळीत हंगाम चालू आहे. कारखान्याचा पट्टा पडला की लगेच लिहायला बसतो."

तो २०१७-१८चा हंगाम होता आणि त्या वर्षी राज्यात ऊस असा काही माजला होता की गाळप संपता संपेना. मी रोज सकाळी पेपरात शेअर बाजार सोडून ऊसगाळपाचे आकडे बघू लागले. पट्टा पडला तेव्हा या गृहस्थांना घरच्या लग्नाने गाठलं. मग मीच म्हटलं, पाठवा इकडे तुमची संदर्भसूची, मी टाइप करते. संदर्भसूचीपाठोपाठ तक्ते आले, तक्त्यांपाठोपाठ चौथं प्रकरण आलं. मी माझ्या पीएच.डी.ची सुरुवात दुसऱ्याच्या पीएच.डी.ने केली. ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर मी आजही कुठेही पाच मिनिटं बोलू शकते. कुणी बोलावत नाही, ही गोष्ट वेगळी.

तो डॉक्टर झाला आणि मला जागा मिळाली.

मग विषय. मी नेला होता 'भारतीय सेवाक्षेत्रातील कर्मचाऱ्यांचे समाधान'. सरांनी वाचला, कौतुकाने मान हलवली आणि लाल पेनाने 'भारतीय' खोडलं. "फार व्यापक होतंय." पुढच्या भेटीत महाराष्ट्र गेला. नंतर पश्चिम महाराष्ट्र गेला, पुणे जिल्हा गेला. तिकडे सेवाक्षेत्राच्या बँका झाल्या, बँकांच्या सहकारी बँका झाल्या, सहकारी बँकांच्या पतसंस्था झाल्या. शेवटी जे उरलं ते असं : 'ए स्टडी ऑफ जॉब सॅटिस्फॅक्शन ऑफ एम्प्लॉईज विथ स्पेशल रेफरन्स टू सिलेक्टेड क्रेडिट को-ऑपरेटिव्ह सोसायटीज इन हवेली तालुका'. आणखी एक मीटिंग झाली असती तर मी एका पतसंस्थेतल्या एका शिपायावर पीएच.डी. केली असती. खरं सांगायचं तर ती जास्त वाचली गेली असती.

समितीपुढे सिनॉप्सिस मांडताना एका सदस्यांनी विचारलं, "यात नवीन काय आहे?"

"हवेली तालुका, सर."

"रिसर्च गॅप?"

"हवेलीत हा अभ्यास आजवर कोणीही केलेला नाही."

"उत्तम," ते म्हणाले. का केला नसेल, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सिनॉप्सिसच्या शेवटी गँट चार्ट लागतो. हेन्री गँट हा टेलरचाच सहकारी. कुठलं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे आडव्या पट्ट्यांनी दाखवायचं, ही त्याची कीर्ती. माझा चार्ट फार देखणा होता. साहित्याचा आढावा पिवळा, माहिती संकलन हिरवं, लेखन निळं, सबमिशन गुलाबी. तीन वर्षांत सगळं हातावेगळं. आमच्या लेकाने तो मागितला आणि शाळेच्या 'इंद्रधनुष्य' प्रकल्पाला लावला. त्या चार्टचा एवढा चोख उपयोग पुन्हा झाला नाही.

यूजीसीने संशोधनाला जास्तीत जास्त सहा वर्षं दिली आहेत, महिलांना आणखी दोन. शिवाय बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा. त्या २४० दिवसांचा माझ्या वयात काही उपयोग नव्हता. पण त्या वाढीव दोन वर्षांची कुणकुण घरात लागली आणि घात झाला. "अगं, तुला आठ वर्षं आहेत ना? मग आज पुरणपोळ्या करून टाकू."

कोर्सवर्क शनिवार-रविवारी असायचं. माझ्यासोबत एक निवृत्त कर्नल होते, ते प्रत्येक व्याख्यात्याला उभे राहून 'सर' म्हणायचे. एका औषध कंपनीतले एच.आर. मॅनेजर होते, त्यांनी 'डॉ.' लावलेलं व्हिजिटिंग कार्ड आधीच छापून घेतलं होतं आणि ते वाटता येत नाही म्हणून झुरत होते. बाकी सांगण्यासारखं तिथे काही घडलं नाही. डबे छान असायचे.

आता प्रश्नावली. 'मी माझ्या कामाबाबत समाधानी आहे' असं एक विधान द्यायचं आणि त्यापुढे पूर्णपणे असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्णपणे सहमत असे पाच चौकोन. ही पट्टी रेन्सिस लिकर्ट या माणसाने स्वतःच्या पीएच.डी.साठी तयार केली, १९३२ साली, कोलंबिया विद्यापीठात. त्याची पीएच.डी. झाली आणि तेव्हापासून मॅनेजमेंटमधल्या निम्म्या पीएच.डी. त्याच्याच पट्टीवर चालल्या आहेत.

फॉर्म किती भरून घ्यायचे, हे मला विचारावं लागलं नाही. मॅनेजमेंटच्या संशोधनात तो आकडा ३८४ असतो. क्रेज्सी आणि मॉर्गन या दोघांनी १९७० साली एक तक्ता छापला. तुमची लोकसंख्या दहा लाख असेल तर नमुना ३८४ घ्या, असं त्यात आहे. हजारच असेल तर २७८ पुरतात, हेही त्यात आहे. मी सरांना म्हटलं, "सर, मी निवडलेल्या पतसंस्थांमध्ये मिळून कर्मचारीच फार थोडे आहेत. तक्त्याप्रमाणे कमी चालतील."

"चालतील. पण ३८४ घ्या. ३८४ म्हटलं की कोणी काही विचारत नाही."

पर्स फॉर्मनी भरली, ॲक्टिव्हा काढली आणि सोलापूर रस्त्यावरच्या एका गावातली पतसंस्था गाठली. भिंतीवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, त्याखाली 'थकबाकीदारांची यादी', त्याखाली एक म्हातारे आजोबा. ते यादीत आपलं नाव आहे का ते बोटाने शोधत होते. मॅनेजर अगत्यशील निघाले. चहा मागवला. फॉर्मचा गठ्ठा हातात घेऊन वजन केल्यासारखा वर-खाली केला.

"मॅडम, तुम्ही कशाला उन्हातान्हात एकेकाला गाठताय? माझ्याकडे द्या. उद्या सकाळी या."

दुसऱ्या दिवशी सगळे फॉर्म तयार होते. एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या बरोबरच्या खुणेने, शिपायापासून अकाउंटंटपर्यंत सगळ्यांनी सगळ्या विधानांपुढे 'पूर्णपणे सहमत' केलं होतं. लोक न वाचता खुणा करतात म्हणून प्रश्नावलीत मुद्दाम एखादं उलटं विधान टाकतात. माझं होतं, 'मला ही नोकरी सोडून द्यावीशी वाटते.' त्यापुढेही पूर्णपणे सहमत. म्हणजे त्या शाखेतले झाडून सगळे कर्मचारी पगारावर खूश होते, साहेबांवर खूश होते, पंख्याच्या वाऱ्यावर खूश होते आणि उद्याच नोकरी सोडणार होते.

तरी मी ते एसपीएसएसमध्ये भरून पाहिले. प्रश्नावली भरवशाची आहे का, हे क्रॉनबॅक अल्फा नावाच्या आकड्यावरून ठरतं, ०.७ च्या वर आला की संशोधक पेढे वाटतो. संगणकाने अल्फा दिलाच नाही. सगळ्यांची उत्तरं एकसारखी असल्याने 'व्हेरिअन्स शून्य, गणित करता येत नाही' असं त्याने नम्रपणे कळवलं.

मग मला पिग्मीवाले काका भेटले. पतसंस्थेची रोजची ठेव दुकानादुकानांतून गोळा करणारा हा माणूस. पट्ट्याला छोटं मशीन अडकवलेलं, पन्नास रुपये घेतले की त्यातून किर्रर्र करत चिठ्ठी बाहेर येते. मी त्यांना एका हार्डवेअरच्या दुकानासमोर गाठलं आणि फॉर्म पुढे केला.

काकांनी तो हातात घेतला नाही. "भरायला माझी ना नाही, मॅडम. पण तेवढ्या वेळात माझी दोन दुकानं होतात."

"पाचच मिनिटं लागतील, काका."

"मग असं करू. मी तुमचा फॉर्म भरतो, तुम्ही माझी पिग्मी काढा. रोजचे पन्नास."

"अहो, मी पुण्यात राहते. तुम्ही रोज कुठे येणार?"

"महिन्याचे एकदम द्या. तुमचं काम आहे, तेवढी सवलत करतो."

खातं निघालं. काकांनी दुकानाच्या पायरीवर बसून फॉर्म भरायला घेतला. पहिलंच विधान होतं, 'माझे वरिष्ठ माझं म्हणणं ऐकून घेतात.'

"कुठले वरिष्ठ?" काकांनी विचारलं. "मॅनेजर ऐकतो. सचिव ऐकतो आणि सोडून देतो. चेअरमन इलेक्शनच्या आधी ऐकतो."

"एकाच ठिकाणी खूण करायची आहे, काका."

"मग मधलं करा."

'माझ्या कष्टांच्या मानाने मला योग्य मोबदला मिळतो' याच्यावर ते बराच वेळ थांबले. कमिशन किती टक्के, उन्हाळ्यात दुकानदार कसे टाळतात, पेट्रोल कसं परवडत नाही, मुलीला नर्सिंगला कसं घातलं आणि एका दुकानदाराने बुडवलेले हप्ते खिशातून कसे भरले, हे सगळं सांगितलं. मी भान हरपून ऐकत होते. लिकर्टच्या पाच चौकोनांत त्यातलं काहीच बसत नव्हतं.

"मग काय करू, काका? असहमत?"

"छे छे. उगाच कशाला कुणाला दुखवा? मधलं करा."

काका भला माणूस. त्यांनी तालुकाभरातल्या आपल्या जातभाईंना सांगून ठेवलं. त्यामुळे मला फॉर्म भराभर मिळू लागले आणि माझी खातीही भराभर वाढू लागली. एकाने रिकरिंग गळ्यात मारलं, एकाने 'दामदुप्पट'ची पावती फाडली, एका शाखेत मी नाममात्र सभासदही झाले आणि वार्षिक सभेचं निमंत्रण येऊ लागलं. नवरा एके दिवशी ड्रॉवर उघडून पासबुकांची चळत बघत राहिला.

"बँकेतल्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेला ते संरक्षण नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय मी."

"लिहिलंयस आणि तरी?"

"ते साहित्याचा आढावा आहे. हे माहिती संकलन आहे."

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि उरलेले फॉर्म गूगलवर गेले. लिंक व्हॉट्सॲपवर फिरली. फिरत फिरत आमच्या फॅमिली ग्रुपवरही पोचली असावी, कारण नागपूरच्या मावशीचा भरलेला फॉर्म मला आला. आयुष्यात घराबाहेर नोकरी न केलेल्या मावशीने 'पतसंस्थेतील सेवेचा कालावधी'पुढे 'पंधरा वर्षांहून अधिक' लिहिलं होतं. फोन केला तर म्हणाली, "अगं, तुला कमी पडत होते ना?" तिचा फॉर्म मी वगळला. अजून ती माझ्याशी जरा तुटकच बोलते.

विश्लेषणासाठी सरांनी मला शहरातल्या एका दुकानाचा पत्ता दिला. पाटीवर लिहिलं होतं : 'झेरॉक्स, लॅमिनेशन, थिसिस बाइंडिंग, डेटा ॲनालिसिस, लग्नपत्रिका'. आत विशीतला एक मुलगा बसला होता. त्याने माझा पेन ड्राइव्ह लावला आणि पावभाजीवाल्याने 'बटर जास्त?' विचारावं तितक्या सहज विचारलं, "मॅडम, नल हायपॉथिसिस रिजेक्ट करायचं की ॲक्सेप्ट?"

"ते तर आकड्यांवरून ठरतं ना?"

"ठरतं ना," तो म्हणाला. "म्हणून तर आधी विचारतो."

पेन ड्राइव्ह काढून घेतला आणि घरी बसून स्वतः केलं. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. त्याचे दर ऐकून मी उठले. पण निष्कर्ष ग्राह्य धरायला लागते तशी पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते का, हे बघताना मलाही घाम फुटला हे खरं. १९२५ साली आर. ए. फिशर यांनी तो आकडा सोयीचा म्हणून सुचवला आणि शंभर वर्षं जगभरचे संशोधक त्याच्या दारात हात जोडून उभे आहेत. माझी एक व्हॅल्यू ०.०५३ आली. त्या तीन सहस्रांशाने मला दोन रात्री झोपू दिलं नाही.

शोधनिबंध छापायची खटपट अगदी सुरुवातीपासूनच चालू होती. नियमच तसा होता. नावात 'इंटरनॅशनल' असलेल्या एका जर्नलमध्ये माझा लेख अठ्ठेचाळीस तासांत स्वीकारला गेला, पैसे भरल्यावर अभिनंदनाचं ई-प्रमाणपत्रही आलं. त्यांचा पत्ता एका व्यापारी संकुलातल्या गाळ्याचा होता. जर्नल यूजीसीच्या मान्य यादीत आहे हे मी नीट बघून घेतलं होतं. मे २०१८ मध्ये यूजीसीने त्या यादीतली ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात काढून टाकली. माझं त्यात होतं. नोंदणीही व्हायच्या आधीच माझं संशोधन रद्दबातल झालं, एवढी घाई विद्यापीठानेही कधी केली नव्हती. पुढे त्या यादीच्या जागी 'केअर' यादी आली, मी त्यातलं जर्नल शोधलं, वर्षभर रांगेत उभी राहिले आणि लेख छापून आणला. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवे नियम आले. त्यात पीएच.डी.साठी शोधनिबंधाची सक्ती उरली नव्हती.

लेकाची बारावी झाली आणि माझा प्रबंध चौर्यतपासणीला गेला. दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ असतं. माझं बरंच जास्त निघालं. अहवाल उघडून बघते तर सॉफ्टवेअरने मला लाल रंगात पकडलं होतं ते माझ्याच छापून आलेल्या लेखाशी साम्य आहे म्हणून.

"म्हणजे मी माझंच चोरलं?"

"तांत्रिकदृष्ट्या," ग्रंथपाल म्हणाले. "स्वतःचंही सांगून घ्यावं लागतं."

उरलेलं साम्य मास्लोमुळे. त्याने १९४३ साली माणसाच्या गरजांची उतरंड मांडली आणि तेव्हापासून सगळ्यांनी अन्न, सुरक्षा, आपुलकी, सन्मान या गोष्टी त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. मी क्रम तर बदलू शकत नव्हते. सर म्हणाले, "शब्द बदला." मी तीन आठवडे शब्द बदलत बसले. शेवटी ते प्रकरण असं झालं की मास्लोलाही ओळखू आलं नसतं. वास्तविक तो प्रसिद्ध त्रिकोण मास्लोने कधी काढलाच नव्हता, तो मागाहून इतरांनी काढून त्याच्या नावावर चिकटवला. हे वाचल्यावर मी प्रबंधातून त्रिकोण काढून टाकला. सरांनी परत घालायला लावला. "पिरॅमिड नसेल तर एक्झामिनरला वाटेल तुम्ही मास्लो वाचलाच नाही."

प्रबंध काळ्या कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांत तयार झाला. पाठीवर माझं नाव छापताना बाइंडरने विचारलं, "माहेरचं टाकू की सासरचं?" मी त्याला प्रतिज्ञापत्राची झेरॉक्सच दिली.

व्हायव्हा खुली असते, कुणीही यावं. येतात ते बहुतेक ज्यांना पुढे स्वतःची द्यायची आहे असे विद्यार्थी, आणि व्हायव्हा ऐकायची सवय लागलेले एक-दोन निवृत्त प्राध्यापक. बाहेरगावचे परीक्षक सकाळच्या गाडीने आले. आल्या आल्या त्यांनी परतीच्या गाडीची वेळ विचारली, त्यावरून व्हायव्हाची लांबी सगळ्यांच्या ध्यानात आली. व्हायव्हानंतरच्या जेवणाची चिंता मला नव्हती. काकांकडच्या पिग्मीची मुदत आदल्याच आठवड्यात पूर्ण झाली होती, पैसे मिळायचे होते. श्रीखंड, बटाट्याची भाजी, मसालेभात हे सगळं हवेली तालुक्याच्या पैशांतून.

मी पस्तीस स्लाइडा दाखवल्या. परीक्षकांनी विचारलं, "सॅम्पल ३८४च का?" कोणी काही विचारत नाही तो हाच आकडा. मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते. मी क्रेज्सी आणि मॉर्गन म्हटलं, परीक्षकांनी समाधानाने खूण केली.

"प्रेक्षकांतून कुणाला काही विचारायचं आहे?"

मागच्या रांगेतून हात वर झाला. पिग्मीवाले काका. रोख रक्कम द्यायला आले होते, दार उघडं दिसलं म्हणून बसले.

"मॅडम, समाधान किती निघालं?"

"पाचपैकी सरासरी ३.१, काका."

"म्हणजे मधलं."

"हो. साधारण मधलंच."

"आणि कमिशन वाढवा असं लिहिलंय का त्यात?"

मी सहावं प्रकरण चाळलं. "'कर्मचाऱ्यांना योग्य तो मोबदला देण्याचा विचार व्हावा' असं लिहिलंय."

"ते चेअरमनना कोण वाचून दाखवणार?"

सभागृह क्षणभर गप्प झालं. परीक्षक घड्याळाकडे पाहून म्हणाले, "अत्यंत महत्त्वाचा मुद्दा आहे. पुढील संशोधनाला इथे भरपूर वाव आहे." आणि त्यांनी पदवीची शिफारस केली. टाळ्या झाल्या. सासूबाईंनी सगळ्यांना पेढे दिले आणि परीक्षकांना सांगितलं, "आता हिला शिकवता येईल."

जेवणाच्या वेळी मी सगळ्यांना वाढत फिरत होते. परीक्षक श्रीखंड दुसऱ्यांदा घेत होते, कर्नलसाहेब उभ्यानेच जेवत होते. सर कुठे दिसेनात म्हणून व्हरांड्यात डोकावले. ते एका खुर्चीवर, हातात ताट घेऊन, काहीसे कोंडीत सापडल्यासारखे बसले होते आणि समोर काका उभे होते, मशीन सुरू करून. सर रोजचे शंभर म्हणत होते. काका प्रोफेसरला दोनशेच्या खाली सोडायला तयार नव्हते.